बेरीज बरोबर होती

गेल्या महिन्यात आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या ऑफिसातला एक मुलगा लॅपटॉप उचलून थेट माझ्या टेबलाशी आला. नोकरीला लागून दोन वर्षं झालीत. कामाला चोख, सांगितलेलं विसरत नाही. म्हणाला, "मॅडम, हा सी-सेव्हन लहान करू का? लोडच येत नाहीये त्याच्यावर." स्क्रीनवर आठ स्लॅबची अख्खी इमारत उभी होती आणि सगळे कॉलम हिरवे. हिरवा म्हणजे पास. सी-सेव्हन तर इतका आरामात पास होत होता, की ३०० बाय ६०० मिलिमीटरचा कॉलम ३०० बाय ४५० केला असता तरी चाललं असतं.

मी प्लॅनचा प्रिंट मागितला. सी-सेव्हन आतला कॉलम. एका बाजूने शेजारच्या कॉलमचं अंतर साडेचार मीटर, दुसऱ्या बाजूने पाच. म्हणजे त्याच्या वाट्याला प्रत्येक मजल्यावर साडेबावीस चौरस मीटर स्लॅब येतो. आठ स्लॅबचे मिळून १८० चौरस मीटर. आरसीसीच्या राहत्या इमारतीत स्लॅब, बीम, भिंती, फ्लोअरिंग, माणसं, सामान सगळं धरून चौरस मीटरला साधारण एक ते सव्वा टन वजन येतं. मी एक पूर्णांक दोन धरलं. २१६ टन. तो आकडा प्रिंटवर कॉलमशेजारी पेन्सिलीने लिहिला आणि मग त्याला विचारलं, "मॉडेल काय म्हणतंय?"

"बासष्ट."

तो गप्प झाला. मीही थोडा वेळ गप्प होते. पोटात खड्डा पडल्यासारखं होतं अशा वेळी, आणि चोवीस वर्षं झाली तरी ते कमी झालेलं नाही.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. आर्किटेक्टकडून मधे सुधारित प्लॅन आला होता. त्या कॅड फाईलमधून दुसऱ्या ते सातव्या मजल्याच्या बीमच्या रेघा नव्याने उचलल्या होत्या, आणि या एका ठिकाणी त्या रेघा कॉलमच्या बिंदूपासून चार मिलिमीटर सरकल्या होत्या. सॉफ्टवेअरच्या लेखी बीम कॉलमला भेटतच नव्हते. ते त्याच्या शेजारून पुढे जात होते आणि थेट पलीकडच्या कॉलमवर टेकत होते. सहा मजल्यांवर सी-सेव्हन नुसता स्वतःचं वजन घेऊन उभा होता. खालचा एक आणि वरचा एक, असे दोनच स्लॅब त्याला खरे लागले होते. दोन स्लॅबचे ५४ टन, वर कॉलमचं स्वतःचं आठेक टन. बासष्ट. कॉम्प्युटरचं गणित अगदी बरोबर होतं. फक्त ती आमची इमारत नव्हती.

खऱ्या इमारतीला चार मिलिमीटर कळत नाहीत. तिथे बीम कॉलमवरच बसणार आणि २१६ टन त्याच्याच डोक्यावर येणार. त्याहून वाईट गोष्ट सळईची. कॉलमच्या डोक्यावर बीमला ताण वरच्या बाजूने येतो, म्हणून सळई वर लागते. मॉडेलमध्ये तिथे आधारच नव्हता, त्यामुळे बीम तिथे खाली झुकत होता आणि सॉफ्टवेअरने सळई खाली मागितली होती. जिथे वर हवी तिथे खाली.

मुलाने पाठवण्याआधी तपासलं नव्हतं असं नाही. त्याने एकूण वजन ताडून पाहिलं होतं. हे मीच शिकवलेलं: मॉडेलच्या पायथ्याशी आलेल्या, म्हणजे जमिनीने कॉलमना दिलेल्या आधाराच्या, सगळ्या रिअॅक्शनची बेरीज घ्यायची आणि इमारतीच्या अंदाजे वजनाशी जुळवायची. बेरीज जुळली होती. जुळणारच, कारण वजन कुठे नाहीसं होत नाही. सी-सेव्हनचं ओझं शेजाऱ्यांनी वाटून घेतलं होतं. म्हणजे माझ्या शिकवण्यात एक पायरी कमी होती. बेरजेनंतर एकेका कॉलमचा वाटा बघायचा असतो, आणि ते मी गृहीत धरत आले होते, कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्या ठिकाणचे बीम सारखे फेल होत होते. साडेचारचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मॉडेलमध्ये नऊ मीटरचा झाला होता, पाचाचा दहा. त्याने काय केलं? बीमची खोली, म्हणजे त्याची उभी जाडी, ४५० मिलिमीटरवरून ७५० केली. लाल रंग हिरवा झाला आणि तो पुढे गेला. मॉडेल ओरडून सांगत होतं की इथे काहीतरी चुकलंय. साडेचार मीटरच्या बीमला ७५० खोली लागतेच कशी, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही, कारण लाल दिसलं की साइज वाढवायची हे आता हाताला लागलेलं वळण आहे.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर प्रिंटआउटला हात लावण्याआधी विचारायचे, "तुझा आकडा काय?" कॉम्प्युटरचा नव्हे, तुझा. आकडा आधी कागदावर लिहायचा आणि मगच फाईल उघडायची, असा त्यांचा दंडक होता. एकदा उत्तर बघितलं की मन त्या उत्तराला समर्थन शोधायला लागतं, हे त्यांना माहीत असावं. आम्हाला तेव्हा तो जाच वाटायचा. कॉलेजात शिकलेलं मोमेंट डिस्ट्रिब्युशन (बीमला वाकवणारा जोर, म्हणजे मोमेंट, हाताने वाटून काढायची पद्धत), हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मांडलेलं, सर अजून एका कागदावर दोन फेऱ्यांत करून दाखवायचे. तिसऱ्या फेरीची गरज नाही म्हणायचे, दहा टक्क्यांत आलं की पुरे. त्या पद्धतीची मला आज कामासाठी गरज पडत नाही. पण एका सांध्यावर आलेला मोमेंट ताठ बीमकडे जास्त जातो आणि लवचिक बीमकडे कमी, हे ज्याने हाताने वाटून पाहिलंय त्याला चित्र दिसतं. दिसलं की चुकीचं चित्र खुपतं.

तपासणी आणि पुन्हा गणित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेच मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून तेच उत्तर मिळवलं तर तपासलं काहीच नाही. तीच चार मिलिमीटरची फट दुसरीकडे नेली, एवढंच. तपासणी दुसऱ्या वाटेने उत्तरापाशी पोहोचली पाहिजे, मग ती वाट कितीही ओबडधोबड असो.

नॉर्वेमधल्या स्लाइपनर-ए या समुद्री प्लॅटफॉर्मचं उदाहरण मी नव्या मुलांना सांगते. २३ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचा प्रचंड काँक्रीटचा पाया खाडीत चाचणीसाठी पाण्यात उतरवत असताना एक भिंत फुटली आणि सगळं तळाशी गेलं. जीवितहानी झाली नाही. कारण निघालं ते फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे रचना लहान तुकड्यांच्या जाळीत विभागून गणित करणाऱ्या, मॉडेलमध्ये. भिंती जिथे एकमेकींना मिळतात तिथली जाळी ढोबळ होती आणि शिअर, म्हणजे भिंतीला कातरणारा जोर, ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला होता. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणितात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की मला दर वेळी तीच हळहळ वाटते. आपल्या शास्त्राला उत्तर माहीत होतं. कुणी तरी आधी विचारायला हवं होतं.

आणि ७५० खोलीच्या त्या बीमवरून मला आठवलं ते अमेरिकेतल्या हार्टफर्डचं छत. सिव्हिक सेंटर नावाचं क्रीडागृह, त्यावर पोलादी स्पेस फ्रेमचं, म्हणजे दांड्यांच्या त्रिमितीय जाळीचं, विशाल छत. सत्तरच्या दशकात कॉम्प्युटरवर डिझाइन झालेलं, त्या काळाच्या मानाने फार पुढचं. बांधताना छत वर उचललं तेव्हा ते हिशेबाच्या जवळपास दुप्पट झुकलेलं मोजलं गेलं. बाजूचे पॅनेल बसवणाऱ्यांना भोकं जुळेनात, इतकी फ्रेम वाकली होती. इंजिनिअरांना कळवलं गेलं. प्रत्यक्ष आणि हिशेब यांत एवढा फरक पडायचाच, असं उत्तर मिळालं. पॅनेल कसेबसे जुळवून बसवले गेले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते छत खाली आलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना होता आणि हजारो माणसं त्या छताखाली बसून घरी गेली होती.

भोकं जुळत नाहीत हे सांगणारा माणूस तिथे तपासनीसच होता. त्याला ते पद दिलेलं नव्हतं इतकंच.

साइटवर असे लोक मला कायम भेटतात. एकदा सळया बांधणाऱ्या एका फिटरने मला फोन करून बोलावलं. बीम-कॉलमचा कोपऱ्यातला सांधा होता. दोन दिशांचे बीम, त्यांच्या वरच्या सळया, कॉलमच्या सोळा सळया, त्यात भूकंपासाठी सांध्यातसुद्धा घालायच्या, सळयांना वेढणाऱ्या रिंगा. ड्रॉइंगमध्ये सगळं सुरेख दिसत होतं, कारण ड्रॉइंगमध्ये सळई म्हणजे रेघ आणि रेघेला जाडी नसते. फिटरने मला पाटावर उभं केलं आणि काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची निडल सांध्यात घालून दाखवली. जात नव्हती. म्हणाला, "मॅडम, रिंगा सोडून देऊ की माल वरच्यावर टाकू, तुम्हीच सांगा." दोन्ही पर्याय घातकी होते आणि ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने फोन केला होता. सगळे असं करत नाहीत. बरेच जण रिंगा सोडून देतात, वर काँक्रीट पडतं आणि कुणाला कधीच कळत नाही. जोवर जमीन हलत नाही तोवर.

ओतकाम एक दिवस पुढे ढकललं. सळयांचा व्यास वाढवून संख्या कमी केली, काही बीमच्या सळया दोन थरांत घेतल्या, आणि सळयांच्या बदललेल्या खोलीचं गणित पुन्हा केलं. ते पाटावर उभं राहून तोंडी सांगण्याचा मोह मला झाला होता. सगळे वाट बघत होते. १९८१ मध्ये कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात अशाच सोयीच्या बदलातून ११४ माणसं गेली. दोन पादचारी पूल छतापासून लोंबते होते, वरचा चौथ्या मजल्याचा आणि खालचा दुसऱ्या. मूळ कल्पनेत दोघांना एकच सलग दांडा होता. एवढ्या लांब दांड्यावर नट फिरवत नेणं अवघड, म्हणून त्याचे दोन केले, आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला गेला. त्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. मूळ जोडणीसुद्धा कोडला उतरत नव्हती. बदलाने उरलीसुरली ताकदही संपवली. बदल कागदावर होता, त्या कागदावर मंजुरीही होती. गणित मात्र कुणी केलं नव्हतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठी.

आमच्या व्यवसायात तपासणीला वेळ कुठून येतो? पूर्वी डिझाइनलाच इतके दिवस लागायचे की तपासणी त्यात आपोआप होऊन जायची. हाताने ड्रॉइंग काढणारा ड्राफ्ट्समन सळई कुठे अडते ते काढतानाच ओळखायचा. आज मॉडेल दोन दिवसांत होतं. वाचलेले आठ दिवस आमच्याकडे राहिले नाहीत, ते क्लायंटच्या वेळापत्रकात गेले, आणि फी त्याच हिशेबाने खाली आली. प्लॅन बदलत राहतो, सहा-सात रिव्हिजन होतात, प्रत्येक वेळी "फक्त एवढंच बदललंय" असा निरोप येतो. पहिल्या रिव्हिजनची तपासणी नीट होते. सहाव्याची होत नाही. सी-सेव्हनची चूक चौथ्या रिव्हिजनमध्ये शिरली होती.

तपासणी विकत घ्यायला कुणी तयार नसतं, कारण ती चांगली झाली तर दाखवायला काही उरत नाही. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीजवळचा पादचारी पूल १५ मार्च २०१८ रोजी कोसळला, सहा जण गेले. तिथे तर स्वतंत्र तपासणी कागदोपत्री होती. पण तिचा मोबदला आणि मुदत वाटाघाटीत कमी झाली होती, आणि ज्या सांध्यातून पूल तुटला तो सांधा बांधकामाच्या त्या टप्प्यासाठी तपासलाच गेला नव्हता. भेगा दिसत होत्या, त्यांचे फोटो होते, त्याच सकाळी त्यावर बैठक झाली होती.

मग रोज इमारती का पडत नाहीत? याचं उत्तर मला बरीच वर्षं नीट देता येत नव्हतं. ब्रिटनमधल्या पोलादी इमारतींवर २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून जास्त बीम तपासले, तर सरासरी ताकदीचा निम्म्याहून कमी भाग वापरला जात होता. हा अभ्यास उधळपट्टी दाखवण्यासाठी केलेला होता आणि ते बरोबरच आहे. पण मी तो वाचला तेव्हा मला त्यात आमच्या चुका लपलेल्या दिसल्या. तो न वापरलेला अर्धा भाग आमच्या न झालेल्या तपासणीची भरपाई करत असतो. कुणाची बेरीज चुकते, कुणाची सळई साइटवर खाली सरकते, कुणी बाल्कनीवर भिंत चढवतं, आणि इमारत निमूटपणे ते पोटात घालते, कारण कुणीतरी घाईत "राहू दे, वाढवून टाक" म्हणून साइज वाढवलेली असते.

आता ही चरबी उतरवायचे दिवस आलेत, आणि उतरवायलाच हवी. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. काँक्रीटचा प्रत्येक घनमीटर आम्ही कागदावर लिहितो म्हणून ओतला जातो; ही जबाबदारी दुसऱ्या कुणाची नाही. सडपातळ स्लॅब, नेमक्या साइजचे बीम, नवं बांधण्याऐवजी जुनं सांभाळणं, या दिशेने व्यवसाय जातोय आणि मला त्याचा आनंद आहे. जुन्या इमारतीची तपासणी करताना तर मला माझं शिक्षण सर्वांत जास्त उपयोगी पडतं, कारण तिथे मॉडेल आधी नसतं, आधी भेग असते. पण नव्या कामात आपण ताकदीचा न वापरलेला भाग कापत जाणार असू आणि तपासणीचा वेळही कापत जाणार असू, तर या दोन कात्र्या एकाच दोरीवर चालतायत. वाचवलेल्या काँक्रीटच्या पैशातला काही हिस्सा उघडपणे दुसऱ्या नजरेसाठी ठेवायला हवा. कराराच्या कागदावर, वेगळ्या ओळीत, आणि ती नजर डिझाइन करणाऱ्याच्या मर्जीतली नको.

हे अशक्य नाही. जर्मनीत महत्त्वाच्या बांधकामांची गणितं सरकारमान्य स्वतंत्र इंजिनिअर तपासतो आणि ती तिथली जुनी पद्धत आहे. जपानमध्ये २००५ साली भूकंपाच्या गणितात खोटे आकडे भरल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि त्यानंतर कायदा बदलून ठराविक आकाराच्या वरच्या इमारतींना गणिताची दुसरी तपासणी सक्तीची झाली. ब्रिटनमध्ये २००५ पासून क्रॉस नावाची व्यवस्था आहे: आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात गुप्तपणे कळवायचा आणि नाव-गाव काढून तो सगळ्यांना वाचायला मिळतो. सी-सेव्हनसारख्या गोष्टी प्रत्येक ऑफिसात घडतात. त्या टेबलावरच मिटतात, आणि शेजारच्या ऑफिसातला मुलगा तीच चूक नव्याने करतो.

आता स्वतःहून डिझाइन करणारे प्रोग्राम आलेत, त्यांची मला भीती वाटत नाही. ते पर्याय सुचवतील, मी घेईन. माझी काळजी एवढीच आहे की ज्याने कधी हाताने कॉलमचा वाटा काढला नाही त्याने ते तपासायचे कसे. म्हणून सध्या आमच्या ऑफिसात एक नियम केलाय. मॉडेल उघडण्याआधी प्लॅनच्या प्रिंटवर प्रत्येक कॉलमभोवती त्याच्या वाट्याची चौकट पेन्सिलीने आखायची, आत टन लिहायचे. शेवटच्या रिव्हिजनलासुद्धा. अर्धा दिवस जातो. दोन क्लायंटना हा अर्धा दिवस समजावून सांगितला, एकाला पटला.

आणि तपासणी दोन्ही बाजूंनी होते. माझी ड्रॉइंग तो मुलगा तपासतो, सहीच्या जागेशेजारी त्याचीही आद्याक्षरं असतात. परवा तो एक शीट घेऊन आला. दीड मीटर बाहेर काढलेली बाल्कनी, स्लॅबवरच तोललेली. वरच्या सळया मी मागच्या स्लॅबमध्ये सव्वादोन मीटर आत नेलेल्या दाखवल्या होत्या. नेहमीचं डिटेल, शेकडो वेळा काढलेलं.

"मॅडम, ही सळई मागे कुठे जाते?"

मी म्हटलं, स्लॅबमध्ये.

त्याने आर्किटेक्टचा सुधारित प्लॅन शेजारी ठेवला. बाल्कनीच्या मागे आता बाथरूम आलं होतं आणि तिथला स्लॅब ३०० मिलिमीटर खाली उतरवलेला होता. माझ्या सळया बीम ओलांडल्यावर हवेत जात होत्या.

मी शीट परत घेतली, साइटला फोन करून त्या मजल्याचं सळईकाम थांबवायला सांगितलं आणि आम्ही दोघं नवा कागद घेऊन बसलो.